भाऊ पहिल्यांदाच मिशनवर टांझानियाला निघालाय. बॅगेत काय द्यावं, आईला काय सांगावं?

वसईची_थोरली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा घरगुती आहे, पण इथे सगळ्या जगात फिरलेली माणसं आहेत म्हणून विचारते.

माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी फादर झाला. गुरुदीक्षा आमच्याच धर्मग्रामात झाली, वाडीत मांडव, सातशे पानं उठली, सगळं रीतसर. तो धर्मप्रांताचा नाही, मिशनरी संघाचा आहे. म्हणजे वरून पाठवतील तिकडे जायचं. आम्ही धरून चाललो होतो की झारखंड नाहीतर डांग. पत्र आलं ते टांझानियाचं. म्वांझा. पुढच्या महिन्यात निघायचं, आधी काही महिने भाषा शिकायची, मग कुठल्या तरी खेड्यातल्या चर्चमध्ये.

आई वेलंकणीपलीकडे कधी गेलेली नाही. ती रोज तेच तीन प्रश्न विचारते: तिथे खातात काय, आजारी पडला तर बघणार कोण, आणि ते लोक त्याला आपला म्हणतील का. शेजारपाजारचे धीर द्यायला येतात आणि म्हणतात, "अगं, संत गोन्सालो गार्सियासुद्धा आपल्या वसईचाच, तोही असाच परदेशी गेला होता ना!" गेला होता, बरोबर. जपानला गेला आणि १५९७ साली नागासाकीला त्याला क्रुसावर चढवून मारलं. आईला धीर द्यायला लोकांना हेच उदाहरण सुचतं!

बॅग २३ किलोची आहे. आईने आत्ताच सुकेळी, बाटली मसाला, आंब्याचं लोणचं, दोन स्वेटर आणि वेलंकणीच्या तेलाच्या बाटल्या काढून ठेवल्यात. काय ठेवू, काय काढू?

आणि अजून एक. परवा रात्री भाऊ ओट्यावर बसला होता. मी म्हटलं झोप आता. तर म्हणाला, "ताई, तिकडे जाऊन मी नक्की करणार काय?" नऊ-दहा वर्षं सेमिनरीत शिकलेला मुलगा. मला उत्तर सुचलं नाही. कुणाला सुचतंय का?

अर्नाळ्याचा_खलाशी

धर्माचं मला विचारू नका, बॅगेचं सांगतो. बावीस वर्षं जहाजावर काढली, टांझानियाचं दार-एस-सलाम आणि केनियाचं मोंबासा दोन्ही बंदरं केली आहेत.

विमान नैरोबीवरून असेल तर पिवळ्या तापाची लस घ्यायलाच हवी. सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, निघण्याआधी किमान १० दिवस, आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवायचं. जाताना कुणी बघेल न बघेल, पण केनियातून परत येताना मुंबईत कार्ड नसेल तर ६ दिवस वेगळं ठेवतात. आमच्या एका फिटरने असे सहा दिवस काढले, बायको बाहेर डबा घेऊन. एकदा घेतली की आता जन्मभर चालते, पूर्वी दर दहा वर्षांनी घ्यावी लागायची.

प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत. टांझानियात जून २०१९ पासून बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. आई सुकेळी नक्की पिशवीत बांधणार, तिला आत्ताच सांगा, डब्यात नाहीतर कापडात बांध.

प्लग तिथे बहुतेक ठिकाणी तीन चौकोनी पायांचा असतो, त्यात आपला चालत नाही. अडॅप्टर दोन घ्या, एक हरवतोच. लोणचं नको. सांडलं की सगळ्या पांढऱ्या झग्यांची हळद होते.

दादा_सिस्टर

आधी माझ्या नावाचा खुलासा करते, नाहीतर कुणाला वाटेल सिस्टर आणि दादा कसं काय. स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ. मी १९९१ ते २०१४ तिकडे होते, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, म्वांझाच्या ईशान्येला मुसोमाच्या बाजूला. तेवीस वर्षं पोरं मला रस्त्यात 'दादा, दादा' करून हाका मारायची. माझं माहेर उत्तनचं, कोळीवाड्यातलं. आमच्याकडे दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, बोटीवरचा तांडेल, मिशीवाला. पहिल्या पत्रात मी लिहिलं, "इथे मला सगळे दादा म्हणतात." घरी चार दिवस चर्चा चालली होती म्हणे की पोरीने तिकडे जाऊन काय आरंभलंय.

आता तुझ्या भावाच्या प्रश्नाचं. तिकडे जाऊन तो काय करणार? पहिलं वर्ष काही नाही. चेष्टा करत नाहीये गं. त्याला हेच सांग, आणि आईला त्याहून आधी सांग.

मी गेले तेव्हा नर्स होते. सहा वर्षं प्रसूतिगृहात काढलेली, हात तयार, डोकं त्याहून जास्त तयार. मला वाटत होतं तिथे बायका रांग लावून माझीच वाट बघत असतील. नैरोबीला उतरले, तिथून बसने किसीवरून इसेबानियाच्या सीमेपर्यंत. पलीकडे सिरारी. ट्रंक एका पोराच्या डोक्यावर, त्याच्या मागे मी धावतेय, एका हातात पासपोर्ट आणि एका हातात छत्री. अंधार पडता पडता मुसोमा. आमच्या मदरने जेवायला वाढलं आणि म्हणाली, "उद्या शाळा."

शाळा म्हणजे मकोकोची भाषाशाळा, अगदी सरोवराला लागून. चार महिने. वर्गात साठीचे एक पोलिश फादर, दोन आयरिश मुली, एक कोरियन सिस्टर आणि मी. सगळे आपापल्या देशात शिकलेसवरलेले, आणि सकाळपासून 'ही खुर्ची आहे, ह्या खुर्च्या आहेत' चाललेलं. खुर्ची म्हणजे 'किटी', खुर्च्या म्हणजे 'विटी'. शब्दाचं शेपूट जिथल्या तिथे, तोंड बदलतं. आपल्याकडे तो, ती, ते, तिकडे त्याच्या दुपटीहून जास्त वर्ग. पण एका बाबतीत मराठी माणूस भाग्यवान. हिशेबाला 'हेसाबू', औषधाला 'दावा', दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', रंगाला 'रांगी', विम्याला 'बिमा', आणि लाखाला चक्क 'लाकी'. आणि भाताचं तर काय सांगू! शेतातलं भात 'म्पुंगा', कांडून आणलेले तांदूळ 'म्चेले', शिजवलेला भात 'वाली'. आयरिश मुली रडकुंडीला आल्या, एकाच वस्तूला तीन नावं कशाला म्हणून. मी म्हटलं, शेतात वेगळं, पोत्यात वेगळं, ताटात वेगळं, यात कळण्यासारखं काय नाही?

तेवढ्यावर मी शेफारले. मग बसचा किस्सा झाला.

महिनाभराने मला एकटीला तारिमेला कागद घेऊन जायचं होतं. बस किती वाजता? ऑफिसातल्या बाईने सांगितलं, "सा मोजा असुबुही." सा म्हणजे वाजले, मोजा म्हणजे एक, असुबुही म्हणजे सकाळ. सकाळचा एक. म्हणजे रात्रीचा एकच की! मला वाटलं लांबचा पल्ला असेल, आपल्याकडे नाही का लाल गाड्या रात्री-अपरात्री सुटत. साडेबाराला उठले, अंघोळ केली, कॉन्व्हेंटचं फाटक उघडायला लावलं आणि रस्त्यावर बॅग घेऊन उभी राहिले. काळाकुट्ट अंधार, सरोवराकडून वारा, लांब कुठेतरी तरस ओरडतंय. दीड वाजला. दोन वाजले. आमचा रखवालदार, म्हातारा माणूस, अंगात जुना लष्करी कोट, माझ्याकडे बघत फाटकात उभा. शेवटी आला, बॅग उचलली, मला आत आणून ओट्यावर बसवलं. शेगडीत कोळसे फुंकले आणि चहा टाकला, दुधाशिवाय, आलं ठेचून. मग एका काटकीने मातीत गोल काढला. एका टोकाला सूर्य काढला, त्याच्या शेजारी एक रेघ मारली आणि म्हणाला, "मोजा." दुसरी रेघ, "म्बिली." तिसरी, "तातू."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्यांचं घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं. विषुववृत्ताजवळचा मुलूख, सूर्य बाराही महिने साधारण एकाच वेळी उगवतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. दुपारचा एक म्हणजे त्यांचे सात. आपल्या पंचांगातला दिवस सूर्योदयालाच सुरू होतो, घटका तिथूनच मोजतात, आणि मी मात्र मनगटावरच्या घड्याळाला चिकटून मध्यरात्री रस्त्यावर. चहाचे तीन कप झाले. तो हसला नाही हो. "पोले, दादा, पोले," एवढंच म्हणत राहिला. पोले म्हणजे तुला त्रास झाला याचं मला वाईट वाटतं. चूक त्याची नसली तरी म्हणायचं. ठेच दुसऱ्याला लागली तरी म्हणायचं. मराठीत याला शब्द नाही, मी अजून शोधतेय. त्या देशातला माझा पहिला मित्र तो रखवालदार. मी त्याच्यासाठी आले होते असं नाही, तो मला मिळाला.

तुझ्या भावाला हे घड्याळ आधीच सांगून ठेव. मिस्सा 'सा मोजा' म्हटलं आणि हा दुपारी एकला झगा घालून हजर झाला, असं नको. (होईलच काहीतरी. होऊ दे.)

चार महिन्यांनी शाळा संपली, दवाखान्यात गेले, तर माझ्या नर्सिंगच्या नोंदणीचा कागद नाही आला. आज येईल, उद्या येईल. सात महिने. तोवर पेशंटला हात लावायचा नाही. मी काय केलं असेल? गॉज घड्या घातल्या. तिथे तेव्हा गॉज वापरून फेकत नसत. धुवायचा, उकळायचा, दोरीवर वाळवायचा, सुटलेले दोरे कात्रीने कापायचे, चौपदरी घडी घालायची, कडा आत, आणि पत्र्याच्या ड्रममध्ये रचून वाफेला लावायचा. हे काम एक बिबी करायची. बिबी म्हणजे आजी. चौथी शिकलेली. पहिल्या दिवशी मी माझी मुंबईची घडी घालून दाखवली. तिने शांतपणे बघितली, उलगडली, आणि तिच्या पद्धतीने पुन्हा घातली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी मुकाट्याने तिच्यासारखी घातली. मग कळलं तिचं का बरोबर होतं: माझ्या घडीत दोरे बाहेर यायचे आणि जखमेला चिकटायचे.

त्या सात महिन्यांत मी रात्री उशीत तोंड खुपसून रडत असे. मला तिथे काही किंमत नव्हती, हे दुखणं. ताप नाही, डास नाही, तिथलं जेवण नाही, हे. घरी सगळे मला 'मिशनरी' म्हणत होते आणि मी चिंध्या मोजत होते. पण बिबीबरोबर बसून घड्या घालताना मी जी भाषा शिकले ती शाळेत नव्हती. 'इनाउमा?' म्हणजे दुखतंय का, ते आवाज खाली आणून कसं विचारायचं. बाळंतिणीला कळ देताना 'सुकुमा, सुकुमा' म्हणायचं, ढकल, ढकल. आणि अजून एक कळलं: आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना स्वाहिली धड यायचीच नाही, त्यांची बोली किजिता. म्हणजे चार महिने शिकून मी अर्ध्याच वाटेवर. तुझा भाऊ म्वांझाला जातोय, तो सुकुमा लोकांचा मुलूख. स्वाहिली झाली की त्याला किसुकुमाही लागेल. हे त्याला आत्ताच सांगू नकोस, पळून जाईल.

आता आईला काय सांगायचं ते.

तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही सरोवराच्या काठाने चाललो होतो आणि वाऱ्यावर वास आला. मी थांबले. सुकी मासळी! वाळूवर जाळी पसरून बायकांनी बोटभर लांबीची चंदेरी मासळी वाळत घातली होती. दगा म्हणतात तिला. कोरियन सिस्टरने नाकाला रुमाल लावला. मी चप्पल काढून त्या बायकांच्या पंगतीत जाऊन बसले आणि त्या निवडत होत्या तसं निवडायला लागले, खडे बाजूला, शिंपले बाजूला. आमच्या घरी बांबूच्या दांडीवर बोंबील घालताना माझे हात जे करायचे तेच. बायका आधी गप्प झाल्या, मग हसायला लागल्या, मग एकीने पदरात पसाभर दगा बांधून दिला. त्या रात्री कांदा-टोमॅटोवर परतून उगालीबरोबर खाल्ला. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड समज, हाताने गोळा करायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा, त्यात कालवण घ्यायचं. हाताने जेवणाऱ्याला दोन दिवसांत जमते.

मी आईला निळ्या आंतरदेशीय... नाही, हवाई पत्रावर लिहिलं, "आय, इथे सुकट मिळते." नंतर बहिणीने सांगितलं, त्या पत्रापासून आई देवळात माझ्यासाठी मेणबत्ती लावायची थांबली आणि दुसऱ्या कुणासाठी लावायला लागली. तेव्हा तुझ्या आईला धर्म, सेवा, बोलावणं वगैरे काही सांगू नकोस. तिथे केळी आहेत म्हणून सांग. भाजीची केळी, पिकलेली केळी, भाजलेली केळी. वसईच्या बाईला आणखी काय हवं?

आजारपणाचं: मलेरिया होईल, एकदा तरी होईलच. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, 'बघू उद्या' करायचं नाही. तपासणी आणि गोळ्या तिथल्या साध्या दवाखान्यातही असतात, इथून औषधांचं पोतं नको. जास्त धोका इथे सुट्टीवर आल्यावर असतो. वसईत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं की मी आफ्रिकेतून आलोय.

आणि लोक आपला म्हणतील का? हा खरा प्रश्न आईने विचारला, शहाणी आहे ती. तिकडे मोठ्या माणसाला 'शिकामो' म्हणतात. अर्थ असा की तुमचे पाय धरतो. ते उत्तर देतात 'मराहाबा'. तुझा भाऊ फादर, तेव्हा आजीच्या वयाच्या बायकासुद्धा त्याला आधी शिकामो म्हणायला धावतील. त्याने त्यांच्या आधी म्हणायचं, रोज ही शर्यत जिंकायची. एवढं केलं तर म्हणतील आपला. दारात जाऊन कडी वाजवायची नाही, बाहेरूनच 'होडी' म्हणायचं आणि आतून 'करिबू' येईपर्यंत थांबायचं. नाही आलं तर परत फिरायचं, रागवायचं नाही.

फोनवर आईने 'काम सुरू झालं का रे?' हे विचारायचं नाही. ते विचारलं की पोरगा खोटं बोलायला लागतो. आज कुणाकडे जेवलास, नवा शब्द काय शिकलास, असं विचारायचं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. वसईत रात्री साडेनऊला फोन करा. तिथे सात वाजलेले असतात, नुकता अंधार पडलेला असतो, आणि नव्या माणसाला तीच वेळ खायला उठते.

स्वेटर एक ठेव. वेलंकणीचं तेल एक बाटली. आईचा कागदावर छापलेला फोटो दे, मोबाईलमधला नको. मराठी गीतांचं पुस्तक दे. बाकी सगळं तिथे मिळतं.

सरळ_बोलतो

वाचलं, छान लिहिलंय. पण एक विचारतो, राग मानू नका. शेवटी तिकडे जाऊन लोकांचा धर्म बदलायचाच ना? भाषा शिकायची, सुकट खायची, हे सगळं त्यासाठीच. ते स्पष्ट का म्हणत नाही?

दादा_सिस्टर

राग कसला. हा प्रश्न मला उत्तनलाही विचारतात आणि मुसोमालाही विचारायचे, तिकडचे मुसलमान दुकानदार तर चहा पाजून विचारायचे.

मी गेले तेव्हा तिथलं चर्च शंभर वर्षांहून जुनं होतं. व्हाइट फादर्स या मिशनरी संघाचा पहिला तांडा १८७८ मध्ये बागामोयोच्या किनाऱ्यावरून पायी निघाला आणि वर्ष संपता संपता सरोवराला पोचला. वाटेत त्यांची माणसंही मेली. त्यांनी ज्यांना शिकवलं त्यांच्या पणतवंडांनी मला शिकवलं. आमचे बिशप तिथलेच, फादर बहुतेक तिथलेच, आमच्याच कॉन्व्हेंटातल्या निम्म्या सिस्टर तिथल्या, आणि त्यातली एक आता युरोपात म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते. न्येरेरे नावाचा त्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष बुटियामाचा, आमच्यापासून जवळच्या गावचा, कॅथलिक. त्याला काय मी बाटवलं?

माझ्या वहीत बाळंतपणांची नोंद आहे. बाप्तिस्म्यांची नाही, ते माझं काम नव्हतं. मोजणारे लोक आमच्यातही आहेत, नाही म्हणत नाही. त्यांच्याशी माझं पटलं नाही आणि ते मी तिथे असतानाही बोलून दाखवलं. श्रद्धा आहे म्हणून गेले, लपवण्यासारखं त्यात काही नाही. तुमचं समाधान नाही झालं तर नाही झालं, भांडायचं नाहीये मला.

शरणपूर_रोड

मी नाशिकचा, ख्रिस्ती नाही, इतिहासाची खाज आहे म्हणून मध्ये बोलतो. वसईच्या ताईंना वाटत असेल की महाराष्ट्रातून पूर्व आफ्रिकेत मिशनवर जाणं ही आजची गोष्ट. नाही.

नाशिककर ज्या शरणपूर रोडवर रोज ट्रॅफिकमध्ये शिव्या देतात, त्या शरणपुरात एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती आणि तिथे आफ्रिकन मुलांचा आश्रम होता. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबतं पकडायचं आणि त्यातली सोडवलेली मुलं मुंबईला उतरवायचं. त्यातली काही नाशिकला आली. इथे सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली, मोठी झाली, लग्नं झाली. १८६४ मध्ये विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे असेच नाशिकला वाढलेले तरुण मोंबासाजवळच्या मिशनमध्ये कामाला गेले.

मला नेहमी वाटतं, ते 'परदेशी' निघाले की 'घरी'? आफ्रिकेतून लहानपणी पळवलेले, भाषा विसरलेले, नाशिकच्या सवयी लागलेले. तिथले लोक त्यांना आपलं म्हणाले असतील का? त्यांना तर पूर्व आफ्रिकेत नाव पडलं 'बॉम्बे आफ्रिकन्स'. जिथून आले तिथलंच नाव चिकटलं.

जानेवारी १८६६ मध्ये आफ्रिका पालथी घालणारा संशोधक लिव्हिंगस्टन मुंबईहूनच शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा नाशिकची नऊ मुलं त्याच्याबरोबर होती. १८७३ मध्ये तो मेल्यावर त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, तोही नाशिकचा. झाडावर लिव्हिंगस्टनचं नाव कोरलं ते त्याने. पुढे एप्रिल १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो एकटा आफ्रिकन होता. शव ज्या बागामोयोवरून समुद्रापार गेलं, ते सिस्टरांनी वर लिहिलेलंच बागामोयो.

आणि १८७५ मध्ये मोंबासासमोर मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसवलं, ते मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या नावाने. वसवणारे प्राइससाहेब म्हणजे आधी शरणपूर सांभाळणारेच. नाशिकची बरीच माणसं तिकडे गेली. तिथली घंटा अजून आहे, त्या नाक्याला लोक केंगेलेनी म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. आमच्या शरणपुरात यातलं रस्त्याच्या पाटीवर काहीही नाही, अर्थात.

भाऊ कधी मोंबासाला गेला तर त्या घंटेचा फोटो टाकायला सांगा.

वसईची_थोरली

सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुमचं उत्तर मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. बसच्या किश्श्यावर ती हसली, सुकटीपाशी गप्प झाली. मग उठून गेली आणि जरा वेळाने आतून विचारलं, "त्या रखवालदाराचं पुढे काय झालं?"

भावाने स्वतः दोनदा वाचलं. 'पहिलं वर्ष काही नाही' वाचून मला वाटलं खचेल, तर उलट खांदे उतरले त्याचे. म्हणाला, "हे सेमिनरीत कुणी सांगितलं नाही." कालपासून घरात सगळ्यांना शिकामो करत सुटलाय. कुत्र्यालासुद्धा.

पिवळं कार्ड झालं. लोणचं काढलं. एक स्वेटर काढला. आज वजन केलं तर तरी २४ किलो ३०० ग्रॅम. मी म्हटलं आई, सुकेळी अर्धी कर. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच्या दोन पँटी काढल्या आणि चेन लावली.

दादा_सिस्टर

पँटी तिथे मितुंबाच्या बाजारात ढिगाने मिळतात, जुन्या पण धड. सुकेळी नाही मिळत. आईचं बरोबर आहे.

रखवालदार २००३ मध्ये गेला. त्याचा कोट आता त्याचा नातू घालतो, तोच फाटकावर असतो.